सहा नंबरचा रकाना

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

स्वेटर डोक्यातून काढत होतो. चटचट आवाज झाला आणि हातावरचे केस उभे राहिले. काल भावना मॅडमनी नेमकं हेच उदाहरण दिलं होतं, म्हणून स्वेटर खाटेवर टाकून ही वही उघडली. आज नव्या नोकरीचा पहिला दिवस आहे.

मॅडम इंजिनिअर आहेत. मनीषनगरात दोन खोल्यांत त्या वायू मोजणारी यंत्रं बनवतात. तळहाताएवढी पांढरी डबी आणि तिच्या पुढे प्लास्टिकच्या दोन पातळ पट्ट्या. वारा आला की पट्ट्या फडफडतात, एकमेकींवर घासतात आणि त्यातून यंत्रापुरती वीज तयार होते. बॅटरी नाही, वायर नाही. सडक्या अंड्याचा वास येतो तो वायू हवेत किती आहे हे यंत्र मोजतं आणि आकडा जवळच्या मोबाईलवर आणि तिथून मॅडमच्या संगणकावर पाठवतं. वायूचं नाव हायड्रोजन सल्फाइड. शब्द पुस्तकात पाहून लिहिला आहे.

मॅडम म्हणाल्या, "वारा नसला की यंत्र झोपतं. मग मोबाईलवर आडवी रेघ दिसते. तो बिघाड नाही, घाबरू नकोस."

यंत्रं कळमेश्वरच्या एका कारखान्यात लावायची आहेत. तिथे रद्दी कागदाचा लगदा करून पुठ्ठा बनवतात. नाव लिहीत नाही, गोपनीयतेच्या कागदावर माझी सही घेतली आहे. रोज सात, दहा, एक आणि चार वाजता आठही यंत्रांजवळ जाऊन आकडे रजिस्टरमध्ये उतरवायचे. पगार कारखाना देणार, अकरा हजार.

मी बारावी नापास नाही. बारावीला बसलोच नाही. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या वहीत माझे तीन तक्ते कोरे राहिले होते. सरांनी ती वही वर्गासमोर उघडून धरली आणि म्हणाले, "कोरं पान म्हणजे न केलेलं काम." सही दिली नाही. त्यानंतर दोन वर्षं इथे वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिल्या. एकाही बिल्टीत एकही रकाना कोरा सोडला नाही.


मंगळवार, १९ नोव्हेंबर

रुपरावभाऊंच्या मागच्या खोलीत मी जूनपासून भाड्याने राहतो. ते त्याच कारखान्यात वीस वर्षांपासून पंप चालवतात. नोकरीची खबर त्यांनीच आणली. सकाळी साडेसहाला त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून निघतो. सिंधूताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन डबे देतात. माझ्या डब्यात तिखट कमी असतं.

कारखान्याच्या मागे सांडपाण्याचा हौद आहे. बारा फूट खोल, वर कडेला फटी असलेलं लोखंडी झाकण. लगद्याचा गाळ बसून पंपाची जाळी तुंबते. आठवड्यातून दोन-तीन वेळा कोणीतरी शिडीने उतरून ती मोकळी करतं. हे कोणीतरी म्हणजे रुपरावभाऊ. उतरण्याआधी अर्धा तास ब्लोअर चालवतात. ब्लोअर म्हणजे डिझेलवरचा मोठा पंखा, तो आत हवा मारतो. मग भाऊंच्या कमरेला दोर, आणि वर दोर धरून त्यांचा मदतनीस अनंत.

सुपरवायझरना सगळे भैय्याजी म्हणतात. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "हे खेळणं काय सांगणार बे? रुपरावचं नाक आहे ना इथं, फुकटचं."

"मंग नाकाले येगळा पगार द्या भैय्याजी," रुपरावभाऊ म्हणाले. सगळे हसले.

सहा नंबरचं यंत्र सर्वांत महत्त्वाचं. ते हौदाच्या तोंडात, काठापासून हातभर खाली मी स्वतः बसवलं. पट्ट्या फडफडू लागल्या तेव्हा भाऊ वाकून पाहत होते. "पाखरू हाय हे तं. लय खोल घरट्यात बसवलं गा तू."

मी म्हटलं, "भाऊ, ते यंत्र आहे."

"‘ते यंत्र आहे.’ पुण्याचा हाय का गा तू?"


शनिवार, २३ नोव्हेंबर

आज सकाळी सातला दोन यंत्रांवर रेघ होती. ते दोन रकाने कोरे सोडले. दिवसभर माझं लक्ष तिकडेच जात होतं. दुपारी भैय्याजींनी रजिस्टर पाहिलं.

"हा खाना खाली काहून?"

"यंत्र झोपलं होतं. वारा नव्हता."

"झोपलं म्हणजे? यंत्र आहे का जावई आहे? ऑडिटवाला आला तं त्याले काय सांगू, साहेब झोपले होते? आकडा आला का?"

"नाही."

"मंग निरंक लिही ना. काही नाही म्हणजे निरंक. आजवर कोणत्या कागदात खाली खाना पाहिला तू?"

त्यांचं मला पटलं. बिल्टीतही नुकसानीचा रकाना असाच भरत होतो. दोन्ही ठिकाणी निरंक लिहिलं. पान भरलेलं दिसलं आणि खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरलं.

तरी कोणतं यंत्र केव्हा झोपलं होतं ते या वहीत लिहीत जाणार आहे. त्याचा उपयोग काय ते माहीत नाही. आज सातला: ३ आणि ६.


सोमवार, २ डिसेंबर

आजचा दिवस मोठा. सकाळपासून बोचरा वारा होता. भाऊ हौदाचं झाकण सरकवून उभे होते, ब्लोअर अजून लावायचा होता. सहा नंबरने ३८ दाखवलं. दहाच्या वर असेल तर उतरायचं नाही, असं मॅडमनी सांगितलेलं आहे. मी ओरडलो. भाऊ म्हणाले वास तर रोजचाच आहे. तरी थांबले. ब्लोअर तासभर चालवला, आकडा ४ वर आला, मग उतरले.

भैय्याजींनी मालकांना फोन करून सांगितलं. मालक संध्याकाळी स्वतः आले, रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे."

घरी भाऊंनी चपला काढता काढता सांगितलं, "ह्या पोट्ट्यानं आज मले वाचवलं वं."

सिंधूताईंनी वांग्याचं भरीत आणि भाकर केली होती. मला जवळ बसवून वाढलं. "आता तूच पाहजो गा यायले. यायचं काही खरं नाही, नाकावर भरवसा ठेवते हा माणूस."

मी हो म्हटलं.

झोपलेली यंत्रं: एकही नाही.


गुरुवार, ५ डिसेंबर

नवा नियम निघाला. सहा नंबर दहाच्या वर असेल तरच ब्लोअर लावायचा. भैय्याजी रोज साडेसातला माझं रजिस्टर पाहतात आणि जाळी तुंबली असेल तर उतरण्याच्या चिठ्ठीवर सही करतात. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. दोरही आता लागत नाही, म्हणून अनंतला दुसऱ्या पंपावर पाठवता येतं.

एवढा मोठा कारखाना माझ्या रजिस्टरवर चालतो. हे कोणाला सांगावं असं वाटलं, पण सांगण्यासारखं कोणी नाही. सरांची आठवण झाली.

झोपलेली: सातला ४.


सोमवार, ९ डिसेंबर

थंडी एकदम वाढली. कळमेश्वरच्या रस्त्यावर धुकं. कारखान्याच्या धुराड्यातला धूर काठीसारखा सरळ वर जात होता आणि वर जाऊन तिथेच थांबत होता. पिंपळाचं एकही पान हलत नव्हतं.

झोपलेली: सातला १, २, ५, ६. दहाला ५, ६. सगळीकडे निरंक लिहिलं.

भाऊ पावणेआठला उतरले. वर आले तेव्हा डोळे लाल. कांदा चिरल्यासारखं चुरचुरतं म्हणाले. मी त्यांना पाण्याची बाटली दिली.


बुधवार, ११ डिसेंबर

वारा नाही. झोपलेली: सातला १, २, ५, ६, ८. निरंक. माझं डोकं दुखतं आहे, थंडीमुळे असावं. कानटोपी घ्यायला हवी.


गुरुवार, १२ डिसेंबर

वारा नाही. झोपलेली: सातला २, ५, ६. दहाला ६.

हौदावर पोचलो की भाऊ रोज विचारतात, "पाखरं उठली का गा?" आणि मी म्हणतो, "निरंक आहे भाऊ." मग उतरायचं असलं की ते "निरंक, निरंक" असं गाण्यासारखं म्हणत शिडीवर पाय ठेवतात. आज वर आल्यावर भिंतीला टेकून बसले. डबा उघडला नाही, मळमळतं म्हणाले. संध्याकाळी सिंधूताईंनी भरलेला डबा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, हवेत काही नाही, रजिस्टरमध्ये निरंक आहे. त्यांना बरं वाटलं.


सोमवार, १६ डिसेंबर

शनिवारपासून मनात एक शंका आहे. नीट मांडता येत नाही. वारा असतो त्या दिवशी सहा नंबर दोन, पाच, कधी नऊ दाखवतं. म्हणजे हौदात थोडा वायू रोज असतोच. मग वारा पडला की तो जातो कुठे?

धीर करून मॅडमना फोन केला. अधिवेशन सुरू झाल्यामुळे त्या सीताबर्डीजवळ गाड्यांच्या गर्दीत अडकल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम, सहा नंबरवर फार रेघा येतात. त्या म्हणाल्या, "या थंडीत येणारच. फेब्रुवारीत दुसरी आवृत्ती आणते आहे, तिला एवढासा वारा पुरेल. बाकी ठीक?" मी ठीक म्हटलं. रेघेच्या जागी मी निरंक लिहितो हे सांगायचं होतं. सांगितलं नाही. एवढंही कळत नाही का, असं त्या म्हणाल्या असत्या.

मग भैय्याजींना विचारलं, रजिस्टरमध्ये ‘झोपलेलं’ असा एक रकाना वाढवू का. ते चार जणांसमोर म्हणाले, "बारावी झाली का तुही? नाही ना? रजिस्टर कोणं बनवलं? म्या. मंग?"

परत येताना भाऊ मोटरसायकलवरून मान वळवून म्हणाले, "मनाले लावून घेऊ नको गा. वीस वर्षं पाखराबिगरच उतरलो ना मी."

वीस वर्षं ब्लोअर होता, असं माझ्या मनात आलं. पण तेवढ्यात समोरून ट्रक आला आणि बोलणं राहिलं.

झोपलेली: सातला १, २, ५, ६. दहाला ५, ६.


शुक्रवार, २० डिसेंबर

काल रुपरावभाऊ गेले.

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं नाही तर लिहिताच येणार नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर. सातला मी आठही यंत्रांजवळ गेलो. वारा नव्हता. झोपलेली: १, २, ३, ५, ६, ८. सहा ठिकाणी निरंक. साडेसातला भैय्याजींनी चिठ्ठीवर सही केली. सात चाळीसला भाऊंनी झाकण सरकवलं. सडका वास एकदम अंगावर आला आणि लगेच गेला. भाऊंनी दोनदा नाक ओढून पाहिलं. "आज वासच नाही गा," म्हणाले. मलाही येत नव्हता. ते उतरले. दोर नव्हता.

मी सातव्या-आठव्या पायरीपर्यंत त्यांची टोपी पाहिली. मग आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भांडं पडावं तसा नव्हता, ओलं पोतं पडावं तसा होता. मी वाकून हाका मारल्या. "भाऊ, वर या ना जी! भाऊ!" अनंत धावत आला आणि शिडीवर उतरू लागला. मी त्याचा शर्ट मागून धरला. त्याने मला शिवी दिली, कोपर मारलं, पण मी सोडलं नाही. का ते सांगता येत नाही. रजिस्टरप्रमाणे आत काहीच नव्हतं.

भैय्याजींनी ब्लोअर आणवला. तो सुरू करायला सहा-सात मिनिटं गेली, डिझेल संपलेलं होतं. ब्लोअरची हवा हौदाच्या तोंडावर आली आणि सहा नंबरच्या पट्ट्या फडफडल्या. माझ्या हातातला मोबाईल वाजला.

३४०.

मी तो आकडा भैय्याजींना दाखवला. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. मोबाईल कारखान्याचाच आहे.

अग्निशमनच्या लोकांनी नऊ वाजून पाच मिनिटांनी भाऊंना वर काढलं. दवाखान्यात नेण्याआधीच गेले होते. त्यांचा डबा माझ्या डब्याशेजारी खिळ्याला लटकलेला होता. दोन्ही डबे मी घरी आणले. सिंधूताईंनी आधी डबे पाहिले, मग मला, मग माझ्या मागे रस्त्याकडे.

ब्लोअर आधी लावला असता तर यंत्र जागं झालं असतं. ब्लोअर मी बंद पाडला.


मंगळवार, २४ डिसेंबर

चौकशीचे साहेब आले. भैय्याजींनी रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी पानं उलटली, १९ तारखेवर बोट ठेवलं. "सातला सहा नंबर निरंक. उतरण्याची चिठ्ठी आहे. रेकॉर्ड चांगलं ठेवलं आहे."

"असं रजिस्टर आजूबाजूच्या एकाही कारखान्यात भेटणार नाही साहेब," भैय्याजी म्हणाले. "मागून ब्लोअर लावला, त्यानं तळचा गाळ ढवळला, तेव्हा गॅस उठला. रुपरावले आधी चक्कर आली असंन. दोन दिवसांपासून जेवत नव्हता तो."

साहेबांनी मला विचारलं, "अक्षर तुमचं?"

"हो."

"नोंदी बरोबर आहेत?"

मी म्हटलं, "आकडे आले तसे लिहिले आहेत." हे खोटं नाही. खरंही नाही. साहेबांनी पुढचं पान उलटलं.

ते गेल्यावर भैय्याजींनी मला चहा पाजला. आधी कधी पाजला नव्हता. "जानेवारीपासून तुले कायम करतो. चौदा हजार. मालक स्वतः बोलले. असा पोट्टा कुठं भेटते?"

मी चहा पूर्ण प्यायलो.


शनिवार, २८ डिसेंबर

मनीषनगरात मॅडमकडे गेलो. टेबलावर नव्या डब्या उघड्या पडल्या होत्या, पण मॅडम काम करत नव्हत्या. मी सगळं सांगितलं. निरंकचंही.

त्यांनी एक उघडी डबी बंद केली. मग म्हणाल्या, "मी तुला रेघ सांगितली होती, सौरव."

"हो मॅडम."

"कारखान्याला दिलेल्या पुस्तिकेत लिहिलं आहे. वारा नसताना यंत्र काहीही सांगू शकत नाही. पान नऊ." मग त्या स्वतःच म्हणाल्या, "पान नऊ कोण वाचतं. ते पहिल्या पानावर हवं होतं. हौदाच्या झाकणावर रंगवायला हवं होतं."

मी विचारलं, त्यांच्या संगणकावर १९ तारखेचं काय आहे.

"सात पंचावन्नला ३४०. त्याआधी काही नाही."

"काही नाही म्हणजे झोपलेलं, हे त्यावरून सिद्ध होईल ना?"

"झोपलेलं यंत्र ‘मी झोपलो’ असं पाठवत नाही. ते काहीच पाठवत नाही. वारा नव्हता म्हणून आलं नाही, की तू त्या वेळी जवळ मोबाईल नेलाच नाहीस म्हणून आलं नाही, हे माझ्याकडून कळणार नाही. न आलेल्या आकड्याची नोंद माझ्याकडे कुठून असणार?"

वासाचंही विचारलं. शंभरच्या वर हा वायू गेला की नाक मरतं, वास येणंच थांबतं, असं त्या म्हणाल्या. हेसुद्धा पान नऊवर आहे.

परत येताना बसमध्ये लक्षात आलं की न आलेल्या आकड्यांची नोंद एकाच ठिकाणी आहे. तारखेसकट, वेळेसकट, सुवाच्य अक्षरात. खोटं सांगत नाही, ही वही त्या क्षणी फेकून द्यावी असं वाटलं.


बुधवार, १ जानेवारी २०२५

काल तेरवी झाली. भैय्याजी आले, फोटोला हार घातला, जेवून गेले. जाताना सिंधूताईंच्या हातात एक पाकीट आणि एक कागद दिला. पाकिटात पंचवीस हजार. कागदावर सोमवारपर्यंत सही पाहिजे म्हणाले.

आज डबा द्यायला आल्या तेव्हा कागद बरोबर होता. मुलगी दिपाली यवतमाळला नर्सिंगला आहे, ती सकाळीच परत गेली. "तू वाचून सांग गा. तुले समजते. मंग मी सही करतो."

मी वाचलं. मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला, कारखान्यावर कुटुंबाचा कोणताही दावा नाही, वगैरे. तिसऱ्या ओळीत होतं: ‘त्या दिवशी हौदातील वायूची नोंद निरंक असल्याचे रजिस्टरवरून स्पष्ट होते.’

"निरंक," सिंधूताई म्हणाल्या. "हे तं ते घरी बी म्हणत राहत. निरंक, निरंक. त्याचा अर्थ काय गा?"

"काही नाही, असा."

"म्हणजे गॅस नव्हता?"

मी कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली.

"सांग ना. गॅस नव्हता?"

"मोजलाच नव्हता, ताई."

त्यांनी डबा खाली ठेवला. "सही करू का नको?"

मी म्हटलं, उद्यापर्यंत थांबा.


शुक्रवार, ३ जानेवारी

काल कामावरून आल्यावर वही घेऊन पुढच्या घरात गेलो. सिंधूताई सुपात हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या. म्हटलं, मला काही वाचून दाखवायचं आहे. पहिल्या पानापासून वाचलं. गाळलं काहीच नाही, कमी तिखटाचं वाक्यसुद्धा वाचलं. २ डिसेंबरच्या भरिताशी त्यांचे हात थांबले. १२ डिसेंबरला, हवेत काही नाही असं मी त्यांना सांगितल्याचं आलं, तेव्हा पुन्हा खुडायला लागल्या. आता देठंही खुडत होत्या. २० तारखेचं पान संपलं.

"त्या दिवशी नाही विचारलं का यायनं? पाखराचं?"

मी वही मिटली.

"रोज विचारत ना? तूच तं लिहिलं. मंग त्या दिवशीचं काहून नाही लिहिलं?"

"विचारलं होतं."

"अन् तू?"

"निरंक आहे भाऊ, म्हटलं."

त्या उठल्या. भाजी सांडली, ती तशीच राहू दिली. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

आज सकाळी डबा आला नाही. यायला नकोच होता. तरी मी दार उघडून दोनदा पाहिलं.

आता ते लिहून ठेवतो. मी कोणताही रकाना कोरा सोडत नाही, पण २० डिसेंबरच्या नोंदीत एक ओळ सोडली होती. ती अशी: सात चाळीसला, झाकण सरकवण्याआधी, भाऊंनी विचारलं, "पाखरं उठली का गा?" माझ्या मोबाईलवर रेघ होती. रेघ मला दिसत होती. मी म्हटलं, "निरंक आहे भाऊ." ते शिडीकडे वळले. त्या दिवशी त्यांनी गाणं म्हटलं नाही, कारण त्यांना मळमळत होतं.


सोमवार, ६ जानेवारी. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.

सिव्हिल लाइन्सला, चौकशीच्या साहेबांच्या कार्यालयाबाहेर बाकावर बसून लिहितो आहे. खिडकी अकराला उघडते. मूळ वही इथे द्यायची, झेरॉक्स आपल्याकडे ठेवायची, असं शिपायाने सांगितलं. म्हणजे या वहीतलं हे शेवटचं पान.

तीन दिवस सिंधूताई माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी आठला दार वाजलं. शाल पांघरून, पायात भाऊंची जुनी चप्पल घालून उभ्या होत्या. हातात भैय्याजींचं पाकीट आणि कागद. सही केलेली नव्हती.

"ते वही कुठं देतेत? चाल."

मी सांगितलं की ही वही दिली तर त्यात माझंही नाव येईल. नोकरी जाईल, कदाचित आणखी काही होईल.

"मले माहीत हाय. म्या काय बहिरी आहो का, सारं ऐकलं ना." त्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेल्या. मग मागे न पाहता म्हणाल्या, "तुले माफ नाही केलं म्या. पण चाल."

बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, मी मागच्या सीटवर. आताही बाकाच्या त्या टोकाला आहेत. समोरच्या कडुनिंबाची पानं हलत आहेत. आज वारा आहे. कळमेश्वरला सातच्या रकान्यात आकडा आला असेल आणि तो कोणी लिहिला असेल ते माहीत नाही.

वही देण्याआधी हिशोब पूर्ण करतो.

खर्च
झेरॉक्स, ३४ पानं: ६८
अर्ज टाइप करून घेतला: १२०
वाडीपासून इथपर्यंत बस, दोघांची: ४०
चहा दोन, एक तसाच राहिला: २०
एकूण: २४८

देणे
सिंधूताई, डिसेंबरचं खोलीभाडं: १८००
सिंधूताई, डबे, १९ डिसेंबरपर्यंत सोळा आणि जानेवारीतले दोन, पन्नासप्रमाणे: ९००
कारखाना, बुटांसाठी घेतलेली उचल: ६००
एकूण: ३३००
रुपरावभाऊ:

शेवटचा रकाना मी कोरा सोडला आहे. तो कोणीही निरंक म्हणून वाचू नये.